उसना अंगठा

“टेका. दाबा. पुन्हा टेका. नाही घेत हो बाई, तुमच्या बोटावर रेघच उरली नाही!”

सहा वर्षं झाली, तरी तो आवाज थोरलीच्या कानातून गेलेला नाही. धुलाईघराच्या अंगणात कामगारांच्या नोंदणीचं शिबिर भरलं होतं. डुगडुगतं टेबल, त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपला लटकलेलं काचेचं एवढंसं यंत्र आणि मागे घसा बसलेला नोंदणीवाला. त्याच्यासमोर उभी होती तिची धाकटी जाऊ. लग्नाला वर्ष झालेलं, कामावर लागून आठ महिने. नवी म्हणून तिला भिजवणीत टाकलेलं. तिथे इस्पितळांच्या चादरी सोड्याच्या आणि ब्लीचच्या हौदात मुरत पडतात आणि बायका कोपरापर्यंत हात घालून त्या वर ओढतात. हातमोजे मिळायचे, ते आठवडाभर टिकायचे, पुढचे तीन आठवडे नुसते हात. आठ महिन्यांत धाकटीची बोटं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

फोटो निघाला, नाव चढलं, जन्मतारीख चढली. घोडं अडलं ते अंगठ्याशी.

“वीस वेळा टेकवलात,” नोंदणीवाला म्हणाला. “त्यातला एखादा घेतला असेल तर बघतो. नाहीतर हात कोरडे करून तासाभराने या.”

मागून मुकादमाने हाक मारली आणि धाकटी पळाली. तास गेला, दोन गेले, ती काही हौदावरून सुटली नाही. नोंदणीवाला वायर गुंडाळायला लागला तेव्हा थोरली टेबलाशी आली. तिची स्वतःची नोंद सकाळीच झाली होती, उजव्या अंगठ्याने.

“माझ्या जावेचं राहिलंय.”

“राहिलं तर राहिलं. आता पुढच्या वर्षी.”

“अहो, कार्ड नसलं की मुकादम कधी घरी बसवेल याचा नेम नाही. नवीन आहे ती.”

त्याने डावीउजवीकडे पाहिलं. “घरचीच ना तुम्ही? टेकवा मग. उजवा नको, तो तुमच्या नावावर चढलाय. डावा टेकवा.” काचेखाली हिरवा दिवा लागला. “बोलू नका कुठे.”

पंधरा दिवसांनी कार्ड आलं तेव्हा धाकटीने ओल्या हातांनीच थोरलीला मिठी मारली होती. “बघा जाऊबाई! घेतलाच की शेवटी माझा अंगठा! वीस वेळा टेकवला, त्यातल्या एकाला देव पावला.”

थोरली हसली. पोरीच्या आनंदाला आपण कशाला नख लावायचं, म्हणून गप्प राहिली. दिलेलं बोलून दाखवू नये. पोटात ठेवावं, म्हणजे त्याला गोडी येते.

*

पुढे तिनेच मुकादमाच्या मागे लागून धाकटीला भिजवणीतून काढलं आणि आपल्या शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर आणलं. हाताला धरून शिकवलं. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. “इस्त्रीला घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही. बाळ थोपटतो ना, तशी फिरवायची. थांबलीस की जळलं, पळालीस की चुरगळलं.” धाकटी शिकली. हौद सुटला तशा तिच्या बोटांवरच्या रेघाही हळूहळू परत आल्या, कोऱ्या पाटीवर कोणी अक्षरं गिरवावीत तशा.

‘जावा जावा, हेवा दावा’ असं लोक म्हणतात. सासू मात्र शेजारणींना सांगायची, “माझ्या घरात दोन सुना नाहीत, चार हातांची एकच आहे.”

मग घड्याळाखालच्या फळ्यावर तो कागद लागला. परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघराला इस्त्रीच्या बायका हव्यात. दोन वर्षांसाठी. राहणं त्यांचं, जाणं-येणं त्यांचं. वय चाळीसच्या आत.

कागद पहिल्यांदा वाचला थोरलीने. चार वेळा वाचला. घरी तोच आणला, धाकटीला तिनेच दाखवला. “दोघी देऊ परीक्षा. तिकडे शेजारी शेजारी टेबलं मागू.” तिला वाटलं होतं, एका वर्षाचं कोण बघतंय! पण परीक्षेच्या दारातच नोंद तपासणाऱ्या बाईने तिचा कार्डनंबर टाकला आणि मान हलवली. एक्केचाळीस वर्षं, चार महिने. लोकांच्या नोंदीत सतरा चुका असतात. कुणाचा बाप बदलतो, कुणाचं गाव. थोरलीच्या नोंदीत जिथे चूक हवी होती, नेमकं तिथेच सगळं अगदी खरं होतं.

ती बाहेर बाकड्यावर बसून राहिली. आत वीस मिनिटांत सहा शर्ट करायचे होते. दाराआडून वाफेचे सुस्कारे यायचे. त्यात धाकटीची इस्त्री तिला आवाजावरून ओळखू आली. दोन लांब सुस्कारे, एक आखूड. कॉलर. दोन लांब. खांदा. ती लय तिने दिलेली होती. आपण रचलेलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकावं आणि टाळ्याही त्यालाच पडाव्यात, तसं झालं. सहा शर्ट संपायच्या आधीच थोरलीला कळलं की ही निवडली जाणार. आणि त्याच क्षणी तिच्या छातीत बारीकसं काहीतरी पेटलं. वासही न येता कापड जळतं ना, तसं.

*

घरात धाकटीचं कौतुक सुरू झालं. सकाळचा पहिला चहा आजवर थोरलीच्या हातात यायचा. आता सासू कप घेऊन सरळ खिडकीकडे जायची. तिथे धाकटी मोबाइलला कान लावून परकी भाषा घोकत असायची. गरम, गार, थांबा, माझं चुकलं, मला समजलं नाही.

“पाचच शब्दांवर दोन वर्षं काढणारेस का?” थोरलीने एकदा विचारलं.

“संसार तीन शब्दांवर चाललाय, जाऊबाई. ‘हो’, ‘बरं’ आणि ‘झालंच’.”

सगळे हसले. थोरलीही हसली, पण ओठांनी. थोरला, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, “चला, घरात विमानवाली बाई झाली! आपण आजवर एसटीच्या खिडकीवरच भांडलो.” दीर तर दिवसातून दोनदा नव्या बॅगेची चेन उघडून बघायचा, नीट लागते का म्हणून. निळी बॅग. थोरली एकटी असताना तिने ती उचलून पाहिली होती. रिकामी असूनही जड वाटली.

जिन्यावर शेजारीण भेटायची. “तुमची जाऊ चालली म्हणे!”

“हो ना,” थोरली म्हणायची. “हुशारच आहे ती.” बोलताना जीभ कडू व्हायची. मी शिकवलं, हे वाक्य दातांपर्यंत येऊन मागे जायचं.

सासूला कमी ऐकू यायचं, पण दिसायचं जरा जास्तच. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एक दिवस गुणगुणली:

“जावा गं दोघी जणी, एका दोरीवरचं धुणं,
एकीला लागे ऊन, दुसरीला पडे उणं.”

“कुणाची ओवी ही, आई?” थोरलीने विचारलं.

“दोरीची,” सासू म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

*

परदेशी कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते आणि मंजुरीचा अर्ज ऑनलाइन. त्यासाठी दोघी झेरॉक्सच्या दुकानातल्या केंद्रावर गेल्या. दुकानदाराला सगळे ‘दोनचष्मे’ म्हणत. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर आणि तरी कागद नाकाला लावून वाचायचा. त्याने नाव भरलं, कार्डनंबर भरला, काचेचं यंत्र पुढे केलं.

“उजवा अंगठा.”

धाकटीने तोऱ्यात अंगठा टेकवला. तांबडा दिवा.

“ठसा जुळत नाही,” त्याने वाचलं. “तीन संधी असतात. एक गेली. तिसरी चुकली की नोंद बंद पडते. मग नवी काढायची आणि नव्वद दिवस थांबायचं.”

“नव्वद? अहो, त्यांची यादी पुढच्या मंगळवारी पाच वाजता बंद होते!”

“मग हात मऊ करा आणि परत या. बरेचदा भेगांमुळे होतं. तेल चोळा.”

थोरली मागच्या स्टुलावर बसली होती. तिने आपला डावा हात पदराखाली घेतला. अजाणता घेतला, पण घेतल्यावर तिला कळलं की आपण काय लपवतोय. त्या यंत्राच्या लेखी धाकटीच्या नावापुढे थोरलीचा अंगठा होता. म्हणजे त्याच्या हिशेबी परदेशी निघालेली बाई ती होती! हा विचार इतका गोड होता की तिला स्वतःची भीती वाटली.

आता सांगावं. रस्त्यात सांगू. घरी गेल्यावर सांगू. जेवणं होऊ देत, मग सांगू. असं करत दिवस मावळला. मनात कोणीतरी सारखं म्हणत होतं, मी कुठे काय केलंय? मी नुसती गप्प आहे. गप्प बसणं म्हणजे काही पाप नव्हे.

धाकटीने तेलाची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. “तुम्हीच चोळा. तुमच्या हाताला गुण आहे.”

थोरलीने तिचा अंगठा हातात घेतला. कोमट तेल, एक थेंब, मग दुसरा. रेघारेघांतून बोट फिरवत राहिली. तिथे नदीच्या वळणासारखी वळणं होती, स्वच्छ, उठावदार. या अंगठ्यात कसलाही दोष नव्हता. हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं आणि तरी ती रोज चोळत होती. जितका हेवा वाटायचा, तितकी जास्त मायेने चोळायची. मनातल्या मनात तिचीही एक ओवी जुळली:

“माझ्याच हातात गं तिच्या दाराची किल्ली,
कुलूप उघडेना, माझी मूठ मिटलेली.”

शुक्रवारी दोघी पुन्हा गेल्या. पुन्हा तांबडा.

दोनचष्म्याने या वेळी दुसरा चष्माही खाली ओढला. “बाई, हे बोट खराब नाही. छान उठतोय ठसा. नोंदीतलाच ठसा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. शिबिरात घाई असते, टेकवतात कुणाचाही.”

“मग?”

“मग सोपंही आहे आणि अवघडही. ज्याचा ठसा आहे तो माणूस इथे येऊन टेकवेल, कबुली लिहून देईल, तर दुरुस्ती त्याच दिवशी होते. फक्त त्याच्या स्वतःच्या नोंदीवर शेरा बसतो, सहा महिने त्याला कुठे अर्ज करता येत नाही. आठवून बघा, तेव्हा तुमच्याजवळ कोण उभं होतं?”

“जवळ कोण असणार? या होत्या.” धाकटीने थोरलीकडे पाहिलं आणि लगेच हसली. “पण या टेकवतील तर मला सांगणार नाहीत होय? माझं नख वाढलं तरी या आधी बघतात.”

दोनचष्मे थोरलीकडे बघत होता. भिंतीवरचा पंखा कटकट वाजत होता. ‘मीच टेकवला’ हे वाक्य तिच्या दातांशी आलं. तेवढ्यात धाकटीच्या फोनवर घंटा वाजली आणि परक्या भाषेतली बाई मंजूळ आवाजात म्हणाली, आजचा धडा सुरू करूया. थोरलीने तोंड मिटलं.

“मला नाही आठवत,” ती म्हणाली.

आजवर ती गप्प होती. आता खोटं बोलली होती.

*

शनिवारी धाकटी कामावर लवकर गेली. रविवारीही गेली. खरं तर निवड होताच तिने राजीनामा दिला होता, तिचं इस्त्रीचं टेबल दुसऱ्या बाईला मिळालं होतं. विचारलं तर म्हणाली, “घरी बसून जीव कंटाळतो. मुकादम म्हणाला, चार दिवस मदतीला ये.”

तेल चोळायचंही तिने बंद केलं. “राहू दे जाऊबाई. काही उपयोग नाही त्याचा.” उजवा हात ती सारखा पदरात गुंडाळून ठेवायची. थोरलीला वाटलं, कळलं हिला. ओळखलं हिने मला. दोन दिवस ती चोरासारखी वावरली. धाकटीची पाठ दिसली तरी दचकायची. आणि या भीतीतही हेवा विझला नव्हता. कोपऱ्यातल्या निळ्या बॅगेवर धूळ बसायला लागली होती. ती पुसायला कोणी उठलं नाही, हे पाहून तिला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याची किळसही येत होती.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती पाण्याची बाटली भरायला निघाली. वाटेत भिजवणीचं दार लागतं. आत धाकटी दिसली. हौदाच्या कडेवर एकटी बसली होती. उजव्या हाताची मूठ वळलेली, अंगठा तेवढा बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात धरलेला. दुसऱ्या हातात पायाची टाच घासायचा दगड. मधूनच अंगठा वर काढायची, दगडाने घासायची, ओठ चावायची, पुन्हा बुडवायची.

“अगं! काय चाललंय काय?”

धाकटी दचकली, मग ओशाळली. “ओरडू नका ना. मी डोकं लावलंय. तो दोनचष्मे म्हणतो, ठसा दुसऱ्याचा. दुसऱ्याचा कसा असेल? त्या विसांतला एक घेतला होता की नाही यंत्रानं? तेव्हा माझ्या बोटाला रेघा नव्हत्या, आता आल्यात. मग जुळणार कसा? पूर्वीसारखा गुळगुळीत केला की ओळखेल. झालंच आता. उद्यापर्यंत होईल.”

तिने अंगठा दाखवला. कातडी सोलून निघाली होती. सोललेल्या केळ्याच्या टोकासारखा ओला, गुलाबी आणि कडेने रक्ताची बारीक रेघ.

सहा वर्षांपूर्वी याच हौदातून तिने हा हात बाहेर काढला होता. तिने धाकटीचं मनगट धरलं, नळाखाली नेलं आणि गार पाणी सोडलं. पाणी वाहत राहिलं, ती धरून राहिली. धाकटी आपली बडबडत होती, “दुखत नाही हो एवढं, जाऊबाई. तुम्ही का रडताय? अहो, माझा अंगठा आहे.”

थोरलीने सांगायला तोंड उघडलं. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

*

मंगळवारी साडेतीनला दोघी केंद्रावर पोचल्या. धाकटीने चिंधी सोडली. दोनचष्म्याने अंगठा पाहिला आणि दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले.

“हे काय करून आणलंत?”

“जुळेल आता. लावा यंत्र.”

“बाई, ही शेवटची संधी. हुकली की नव्वद दिवस. ऐका माझं...”

“लावा हो तुम्ही! ज्यांना यादीतून नाव जाऊ द्यायचं नसतं, त्यांना दुखत नसतं.”

त्याने सुस्कारा टाकून यंत्र पुढे सरकवलं. काचेखाली पांढरा उजेड पेटला. धाकटीने डोळे मिटले, सोललेला अंगठा उचलला आणि काचेच्या दिशेने नेला.

मध्ये एक हात आला. थोरलीचा, डावा. तो काचेवर टेकला आणि तिथेच राहिला.

हिरवा दिवा.

पडद्यावर धाकटीचं नाव उमटलं, कार्डनंबर उमटला आणि सहा वर्षांपूर्वीचा, भिजवणीच्या ओल्या पदरातला तिचा फोटो. झेरॉक्स काढायला आलेला एक मास्तर मागून म्हणाला, “झालं का? माझ्या दोन प्रती आहेत.”

“तो अंगठा माझा आहे,” थोरली दोनचष्म्याला म्हणाली. “तेव्हा मीच टेकवला होता. ही हौदावर होती. कबुली कुठे लिहायची, दाखवा.”

“शेरा बसेल तुमच्यावर.”

“बसू दे.”

त्याने खण उघडला. कागद काढला. थोरलीने लिहिलं, अक्षर वळणदार आलं. खाली सही केली. मग त्याने धाकटीचा डावा अंगठा मागितला. तो शाबूत होता. यंत्राने एका झटक्यात घेतला. जुना ठसा गेला, नवा चढला. चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज पुढे गेला आणि पावती सरसरत बाहेर आली. दोनचष्म्याने ती धाकटीच्या हातात दिली. “पाचच्या आत झालं. नशीबवान आहात.”

धाकटीने पावती घेतली, पण पाहिली नाही. ती थोरलीकडे बघत होती. बाहेर पायरीवर येईपर्यंत बघत होती. रस्त्यावर उन्हं कलली होती, समोरच्या गॅरेजात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

“तुम्ही सहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी अंगठा दिलात,” ती म्हणाली. “मला कधी सांगितलं नाहीत. ते समजलं मला. पण आठ दिवस, जाऊबाई? मी तेल आणून देत होते आणि तुम्ही चोळत होतात. तुम्हाला माहीत होतं. शुक्रवारी त्याने तोंडावर विचारलं, तेव्हाही माहीत होतं.” तिने सोललेला अंगठा पुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, नुसता प्रश्न होता. “का हो?”

थोरलीने पदराचं टोक फाडलं. एक लांब पट्टी काढली. धाकटीचा हात आपल्या हातात घेऊन अंगठ्याला पहिला वेढा दिला, मग दुसरा, मग तिसरा. गाठ मारताना ती खालीच बघत होती. कागद पहिल्यांदा तिने वाचला होता. शेजारी शेजारी टेबलं मागायचं तिनेच ठरवलं होतं. त्या दारामागून येणारे ते सुस्कारे अजून तिच्या कानात होते, दोन लांब, एक आखूड.

गाठ बसली. तिने मान वर केली.

“जायचं मला होतं गं,” थोरली म्हणाली. “मला जायचं होतं.”